नऊ स्टुलं

धाकटे,

पाल्हाळ लावायची मला सवय नाही. नवा कायदा आला आहे. दुकानात उभं राहून काम करणाऱ्या प्रत्येकीला बसायला जागा द्यायची. आज आपल्या चपलांच्या दुकानात नऊ स्टुलं आली.

"बसा," मी म्हटलं. एकही पोरगी बसेना. शेवटी जुनी कॅशियर म्हणाली, "मॅडम, आधी तुम्ही. नाहीतर या जन्मात कुणी टेकणार नाही."

मी बसले आणि तू आठवलीस. सातवा महिना, सुजलेले पाय. काउंटरमागे रिकामं खोकं उलटं करून टेकली होतीस. गिऱ्हाइकांसमोर मी ते काढायला लावलं.

"ताई, दोनच मिनिटं."

"इथे मी तुझी ताई नाही, मॅनेजर आहे."

तू नोकरी सोडलीस आणि माझ्याशी बोलणंही. अकरा वर्षं झाली.

मालकांचा हुकूम होता, असं मी सगळ्यांना सांगत आले. हुकूम नव्हता. नियम माझाच होता.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. रविवारी तुझ्या दारात येऊन तोंडाने सांगेन. बस म्हणालीस तरच बसेन.

तुझी ताई,
दुकानातसुद्धा