फाइलींची खरी नावं

८ जून २०१४

नवा लॅपटॉप आला. माधवने जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं त्यात ओतून दिलं. ‘न्यू फोल्डर’, त्यात ‘न्यू फोल्डर २’, त्यात ‘जुनं’, त्यात ‘जुनं नको’, त्यात ‘जुनं नको पण राहू दे’. रेल्वेत उभा जन्म काढलेला नवरा. म्हणाला, "यार्डात डबे असे उभे केले असते तर मला सस्पेंड केलं असतं."

आवरणं भाग आहे. इथलं मराठी मंडळ गणपतीत माझ्या विनोदी लेखांचं पुस्तक काढतंय. लखनौत मराठी वाचणारे जेवढे उरलेत तेवढे सगळे एका टेंपोत बसतील, पण पुस्तक ते पुस्तक.

११ जून

केतकीला बंगळूरला फोन. तिने पाच-दहा ओळींची स्क्रिप्ट फोनवर सांगितली, मी टाइप केली. मी मराठीत विचारणार, ती हिंदीत उत्तर देणार, हे नेहमीचंच.
"आई, यहाँ चार स्पेस देना।"
"चारच का?"
"क्योंकि चार ही होते हैं। और बॅकअप लिया ना?"
घेतला होता. आईवर विश्वास नाही.

काम सोपं. स्क्रिप्टने प्रत्येक फाइलची तारीख बघायची, त्या सालाचं फोल्डर करायचं, फाइल त्यात ढकलायची. चालवली. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळ्या फाइली ‘२०१४’मध्ये. म्हणजे माझं समग्र साहित्य गेल्या रविवारी दुपारी लिहून झालं. माधवने ओतल्याची तारीख धरली होती तिने. बॅकअप कामी आला. केतकीला कळवलं नाही.

१२ जून

एक शब्द बदलला आणि जमलं. शेवटचा हात फिरवल्याची तारीख धरायची होती. २००५, २००६, २००७... एकामागून एक फोल्डरं उगवत गेली. दुपारभर नुसती बघत बसले. भाजी करपली.

२००९ फार भरलंय. त्या वर्षी सासूबाई आमच्याकडे होत्या.

१६ जून

लाइट नाही, ४४ डिग्री, तरी मन प्रसन्न. दुसरी स्क्रिप्ट माझी मीच लिहिली, केतकीला न विचारता. सगळे लेख ओळीने एकाखाली एक जोडायचे. मी नोटपॅडमध्येच लिहिते (वर्डमध्ये चुकून काहीतरी दाबलं जातं आणि परिच्छेद तिरका होतो), त्यामुळे जोडणं सोपं. पण लेख कुठे संपला हे कळणार कसं? म्हणून प्रत्येकाच्या वर शीर्षक म्हणून फाइलचं नाव घे, असं तिला सांगितलं. पहिली दोन पानं पाहिली. ‘चारबागचे हमाल’, ‘कूलर’. अगदी पुस्तकासारखं दिसलं. माधवला उठवून दाखवलं. तो "वा" म्हणाला आणि परत झोपला.

२१ जून

तेलीबागेतल्या दुकानात प्रिंट काढली. "मॅडम, स्पाइरल कर दें?" कर दो. तशीच रिक्षाने वृंदावन योजना कॉलनीत नलूताईंकडे. मंडळाची मुद्रितं त्याच तपासतात. साताऱ्याच्या शाळेत मराठी शिकवायच्या. मुलगा इथे नोकरीला, सून शालिनी लखनौची. स्क्रीनवर एक ओळ वाचत नाहीत, लाल पेन्सिल हातात लागते. या शहरात मला हक्काने ‘अगं’ म्हणणारं तेवढं एकच माणूस.

वजन करून बघितलं हातात. "बऱ्याच जणांची हजेरी घेतलीस गं."

२२ जून

मेले.

आता लिहून काढते, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल. मी लेखात माणसाचं नाव बदलते, फाइलला मात्र खरं नाव देते. नाहीतर सापडणार कसं? ‘चिक्कू शेजारी’ म्हणून शोधायला गेले तर अर्धी कॉलनी बाहेर येईल. ही नावं माझ्याशिवाय कोणी बघणार नव्हतं. ती आता प्रत्येक लेखाच्या डोक्यावर आहेत. ‘कुलकर्णी आणि फुकटचा पेपर’. ‘देशपांडेबाईंचं गाणं’. आणि ‘नलूताईंचे डबे’.

त्यातल्या कमलाकाकू बेसनाचे लाडू सुनेपासून लपवतात. डब्यावर चिठ्ठी ‘मेथीदाणे’. शेवटी सुनेला सगळं आधीपासून ठाऊक असतं असं निघतं. दिवाळी अंकात आला तेव्हा नलूताई पोट धरून हसल्या होत्या. "देशपांडेबाईच ना गं ही?" मी गप्प राहिले. तेव्हाचं ते गप्प राहणं स्वस्तात पडलं होतं.

२५ जून

फोन नाही. एरवी सकाळी एक, संध्याकाळी एक.

माधव : "स्क्रिप्टची चूक झाली म्हणून सांग."
स्क्रिप्टने खरं तेच छापलं. या घरात एवढं प्रामाणिक दुसरं कोणी नाही.
"मग जाऊन प्रिंट परत आण. नवी देतो म्हण."
लाल पेन्सिल चालू झाली असेल तर? आणि परत मागितली की कळलंच.
"मग बस."
बसले.

२९ जून

दशहरीची पेटी घेऊन गेले. आंबा हातात असला की कुठेही जाता येतं.

चहा झाला. पावसाचं, लाइटचं, शालिनीच्या शाळेचं झालं. (ती इथल्या शाळेत गणित शिकवते.) प्रिंट टेबलावर, पेन्सिल मध्ये खोचलेली, निम्म्याच्या बरीच पुढे. ‘डबे’ मागे पडले होते.

मी म्हटलं, "शीर्षकं तात्पुरती आहेत हं, बदलायचीयत."
"असं? मला तर तीच जमलीयत असं वाटलं." चेहऱ्यावरून काही कळेना. नवव्या इयत्तेच्या वर्गापुढे उभी असावी तशी बाई. "देशपांडेबाईंचं मात्र बदल. ती रडेल."

दारापर्यंत सोडायला आल्या. मी चप्पल घालत होते तेव्हा म्हणाल्या, "कमलाकाकूचं एक खटकलं. ती लपवते, ते का, हे तू लिहिलंच नाहीस."
"का लपवते?"
"ते मला काय विचारतेस? लेखिका तू."

रिक्षात आठवत बसले. रागावल्या असत्या तर आंबे ठेवून घेतले असते का? घेतले असते. दशहरी होते.

३ जुलै

बाकीची नावं बदलली. एका ओळीची स्क्रिप्ट झाली असती, पण एकेक हातानेच बदललं. कुलकर्णी ‘एक सद्गृहस्थ’ झाले. ‘नलूताईंचे डबे’पाशी येऊन तीनदा थांबले.

का लपवत असतील? मी इतकी वर्षं ते डबे पाहिले, हसले, लिहून पैसे घेतले. विचारलं कधीच नाही. घरात लाडू मराठी पद्धतीचा, खाणारी एकटी आणि मागायची चोरी, असंही असेल. किंवा नुसता हावरटपणा. तोही असायला हवा, नाहीतर विनोद मरतो.

६ जुलै

दुपारी फोन. शालिनी.

"चाची, मम्मीजी आजकल शाम को आपकी किताब पढ़कर सुनाती हैं। मराठी पढ़ती हैं, फिर हिंदी में बताती हैं। कुलकर्णीजी वाले पे तो मैं और ये हँसते-हँसते लोटपोट।"
अच्छा, म्हटलं.
"कल वो डिब्बोंवाला शुरू किया। टाइटल नहीं बताया। बहू रसोई में जाती है, वहीं तक पढ़ा और बंद कर दिया। बोलीं, आँखें थक गईं। आगे क्या हुआ, चाची?"

मागे कुठेतरी कुकरची शिटी. तिच्या आवाजात हसू होतं की नुसती उत्सुकता, फोनवर ओळखू येईना.

"आगे अभी लिखा नहीं है," मी म्हटलं.
"पर छपा हुआ तो है?"
"वो कच्चा है।"

फोन ठेवला. फाइल उघडली. शेवटचा परिच्छेद पुसून टाकला. उद्या सकाळी वृंदावन योजनेत जाते, काही न नेता, नुसतं विचारायला. फाइलचं नाव अजून तेच आहे.