काचपट्टी क्रमांक दोनशे सतरा

मी, सत्यशीला रामकिसन खंदारे, वय त्रेसष्ट, राहणार मंठा, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाखाली न येता, डोके ठिकाणावर असताना लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत आहे. तो माणसांच्या डॉक्टरचा आहे, जनावरांच्या नव्हे.

१. घराच्या मागच्या दोन खोल्या मुलगा राजानंद यास. अकरा वर्षे तो मला एकच सांगत आला, "आई, जाऊ दे." म्हणून पुढची खोली त्याच्याकडून जाऊ दिली आहे.

२. पुढची खोली, म्हणजे जनावरांचे रक्त-लघवी तपासायची माझी लॅब, भाची प्रिया हिला. सोबत मायक्रोस्कोप, फ्रीज आणि सेंट्रिफ्यूज. सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोर सारख्या भरलेल्या शिश्या ठेवाव्यात, नाहीतर ते टेबलावरून चालू लागते. आणि प्रिया, रिपोर्ट जनावराच्या मालकाच्या हातात द्यायचा. मी डॉक्टरच्या हातात देत गेले. आमच्याकडे रीतच तशी होती, तिनेच माझे वाटोळे केले.

३. ते असे. अकरा वर्षांपूर्वी खेड्यावरच्या गिरिजाबाईची जर्सी गाय तापली. जनावरांचे डॉक्टर अंगद (आडनावाला शाई घालवत नाही, मंठ्यात सगळे ओळखतात) यांनी जांभळ्या टोपणाची शिशी माझ्याकडे पाठवली. मी काचपट्टीवर थेंब पसरला, रंगवला, भिंगाखाली धरला. गाईची लाल पेशी गोल असते, आत काही नसते. या पेशी लांबट होत्या आणि प्रत्येकीच्या पोटात जांभळा ठिपका होता. मी रिपोर्टवर लिहिले: हे रक्त कोंबडीचे आहे, गाईचे पाठवावे. डॉक्टरांनी तो कागद खिशात घातला आणि गिरिजाबाईला सांगितले, "लॅबवाली म्हणते, रक्त साफ आहे."

चौथ्या दिवशी गाय गोचीडतापाने मेली. वेळेत कळले असते तर औषध होते. गिरिजाबाई भर बाजारात माझ्यासमोर उभी राहिली. "तुह्यामुळं माही गाय गेली. तुह्यं तोंड पाहणार न्हाई." मी खरे सांगितले तर लोक हसले. गाईच्या शिशीत कोंबडी कुठून येईल? रिपोर्टची नक्कल मी ठेवली नव्हती. त्यानंतर तीन वर्षे माझ्या दारात एक शिशी आली नाही.

गेल्या सोमवारी दवाखान्याशेजारच्या अतिकच्या दुकानात चिकन घेताना सहज त्या गाईचे बोलले, तर तो म्हणाला, "डॉक्टरसाब खेड्यावर गेलेच न्हाई, ताई. माह्याकडूनच शिशी भरून घेऊन गेल्ते."

"मंग इतकी वर्षं बोलला का न्हाईस?"

"तुमी कदी विचारलंच न्हाई."

मी घरी येऊन रडले, मग हा कागद घेतला.

४. त्या रक्ताची काचपट्टी, क्रमांक २१७, मी जपून ठेवली आहे. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना झाल्यावर, जेवणाआधी, ती मंडपात मायक्रोस्कोपखाली लावावी. शेजारी गाईच्या रक्ताची एक पट्टी. येणाऱ्या प्रत्येकाने दोन्ही पाहाव्यात. डॉक्टरांना पहिल्या रांगेत खुर्ची द्यावी. त्यांनी पाहायला नकार दिला तर आग्रह करू नये.

५. माझ्या बचतीतून प्रियाने दर वर्षी ९ ऑगस्टला, गाय मेली त्या तारखेला, डॉक्टरांच्या टेबलाला एक जिवंत कोंबडी बांधून यावे. तिच्या पायात चिठ्ठी असावी: "गिरिजाबाईची गाय." डॉक्टर हयात असेपर्यंत खंड पडू नये. कोंबडी अतिकच्या दुकानातून घेऊ नये, तो साक्षीदार आहे, त्याला माझ्या मरणातून फायदा नको.

६. मंडपात गिरिजाबाईने सर्वांच्या आधी पाहावे. तिचा डोळा भिंगाला नीट लागत नसेल तर प्रियाने तिची मान हळू धरावी. त्यानंतर काचपट्टी तिचीच. माफी नको, ती ऐकायला मी नसेन. तिने बाजारात उभे राहून एकदा म्हणावे, सत्यशीला खरी होती.

स्थळ: मंठा. दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५.

सही: सत्यशीला रामकिसन खंदारे

साक्षीदार:
१. शबनम, शिक्षिका, मंठा.
२. अतिक, कोंबडीविक्रेता, मंठा. (सही करताना म्हणाला, "ताई, मंडपात मी बी येईन. मला विचारा म्हनावं.")