वरून सुकलेला जेलकोट

प्रिय शहाणे,

पाकिटावरचं अक्षर तुझ्या मैत्रिणीचं आहे. माझं दिसलं असतं तर तू न फोडताच परत पाठवलं असतंस. फोन उचलत नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही. दिवसातून चारदा ‘हो की नाही ते सांग’ म्हणणाऱ्याचा फोन मीही उचलला नसता. पण हे पत्र त्यासाठी नाही. शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाड.

सरांच्या टेबलावर वही आपटून मी कॉलेजमधून निघालो, ते तू पाहिलंसच. त्यानंतर होड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे लागलो. फायबरच्या होडीला वरून जी चकचकीत साल असते ना, तिला जेलकोट म्हणतात. त्यात हार्डनर थेंब मोजून घालायचा, नाहीतर तो जन्मात सुकत नाही. मिस्त्री म्हणतात, तुझं डोकं तापतं तेवढा माल तापला असता तर हार्डनरचा खर्च वाचला असता. मी हसतो, पण लागतं.

तुमची होडी आली तेव्हा तिच्या तळाला खडकानं भोक पाडलं होतं. भोक मिस्त्रींनी बुजवलं आणि जेलकोट माझ्यावर सोपवला. मी डब्यात माल ओतत होतो, तेवढ्यात बाबांबरोबर तू आलीस. केस कापलेस ते कुणी सांगितलंसुद्धा नाही मला. तू माझ्याकडे बघितलं नाहीस, आणि मी तू बघत नाहीस हे बघत राहिलो. मग ब्रश उचलला आणि रागारागानं सगळा तळ रंगवून काढला.

दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर चिकट. थंडीला दोष दिला, जवळ दिवा टांगला. दमटपणाला दोष दिला, पंखा लावला. मिस्त्री म्हणाले, हवा लागली की वरचा पापुद्रा ओलाच राहतो, प्लॅस्टिक चिकटवून झाक. झाकलं. तिसऱ्या दिवशी प्लॅस्टिक उचललं तर खाली डिंकासारख्या तारा. हार्डनर कमी पडला असेल म्हणून बाटली हातात घेतली, तर तिचं सीलसुद्धा फुटलेलं नव्हतं. मी एक थेंबही घातला नव्हता गं!

अशा वेळी सगळं खरवडून, पुसून पहिल्यापासून करायचं असतं. दोन दिवसांचं काम. पण बाबा घाई करत होते, मिस्त्री मुलीकडे गावाला निघाले होते, आणि चुकलो म्हणायला माझी जीभ रेटेना. मी त्या ओल्या थरावरच नीट हार्डनर घातलेला दुसरा थर चढवला. तो सुकला, घासला, आरशासारखा चमकला. जाता जाता मिस्त्रींनी पाठ थोपटली, आता हात बसला म्हणाले. त्या थापेनं दोन रात्री झोप नाही. बाबा होडी घेऊन गेले.

काल मी तुमच्या फाटकाशी आलो होतो. बाबांना वाटलं, तुझ्यासाठीच आलोय. माझ्या मुलीचा नाद सोड, म्हणाले. तुमच्या मुलीशी मला काही घेणं नाही, असं ओरडून मी तरातरा निघालो. कोपऱ्यावर आल्यावर आठवलं, कशासाठी आलो होतो ते. परत फिरायला तोंड नव्हतं.

म्हणून हे तुला. रविवारी बाबा तुला आणि धाकट्याला घेऊन पलीकडच्या बेटावर निघणार, असं मैत्रीण म्हणाली. होडी पाण्यात घालू देऊ नकोस. ती साल पाण्यात सुटली तर भोकावरचा नवा जोड उघडा पडेल, आणि तो किती टिकेल हे मला सांगता येत नाही. खोटं वाटलं तर तळाला उजव्या अंगाला अंगठा जोरात दाब, वरची साल आत दबेल. बाबांना माझं नाव खुशाल सांग. सोमवारी मिस्त्री गावाहून परतले की त्यांना मी स्वतः सांगणार आहे, मग ठेवोत की हाकलोत. रविवारी पहाटेपासून मी धक्क्यावर उभा असेन, निघालात तर दोर धरून अडवायला. तुमच्यापैकी कुणी आलंच नाही, तर तेवढंच उत्तर मला पुरे. दुसरं आता विचारणार नाही.

तुझाच (खोडायला गेलो, खोडवलं नाही),
तू नाव ठेवलेला,
भडक्या