धाकट्या राणीसाहेबांची जेमतेम चाललेली गाडी

३ ऑक्टोबर, सोमवार
घेतली! टोकन देऊन आलो. हस्तिदंती रंगाची, दोन सीटची, कापडी टपाची स्पोर्ट्‌स गाडी. पूर्वी एका राजघराण्यातल्या धाकट्या राणीसाहेबांची. पन्नास वर्षांत जेमतेम अकराशे किलोमीटर चाललेली. दलाल म्हणाला, डॉक्टरसाहेब, ही गाडी कुणालाही शोभत नाही. हे त्याने मला उद्देशूनच म्हटलं असणार, कारण तिथे दुसरं कोणी नव्हतं.

क्लिनिकमधलं नवं एक्स-रे मशीन आता पुढच्या वर्षी. दात काही पळून जात नाहीत.

हिला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ पाहून सांगेन.

४ ऑक्टोबर, मंगळवार
योग्य वेळ यायच्या आधी दलालाचा फोन आला आणि तो हिनेच घेतला. ही रागावली नाही. नुसतं विचारलं, चालवणार कोण?

प्रश्नच चुकीचा. लायसन्स माझ्याकडे आहे, तेही वेळच्या वेळी रिन्यू केलेलं. आमची घरची गाडी वर्षानुवर्षं ही चालवते हे खरं, पण ते तिला आवडतं म्हणून. गेटच्या खांबाचा प्रसंग झाल्यावर मीच मोठ्या मनाने स्टिअरिंग तिच्या हाती दिलं. मुळात खांब चुकीच्या जागी होता. पुढे सोसायटीने तो तिथून हलवला. म्हणजे पडलेला उचलून नेला.

मग मी जाहीर केलं, की दोन नोव्हेंबरला, आपल्या लग्नाला तीस वर्षं होतात त्या दिवशी, तुला शेजारी बसवून शहराबाहेरच्या तळ्यापर्यंत नेणार. टप उघडा टाकून. स्वतः चालवत.

ही भाजी चिरत होती, ती थांबली. म्हणाली, मुलीची शाळा, सासूबाईंचं हॉस्पिटल, बाजार, स्टेशन, सगळीकडे आयुष्यभर समोर बघत गेले. एकदा शेजारी बसून नुसतं बाजूला बघायचंय. एवढं बोलून पुन्हा चिरायला लागली. हिने माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. (सीलिंग फॅन सोडून.)

९ ऑक्टोबर, रविवार
गाडी आली, ट्रेलरवरून. अख्खी सोसायटी गॅलरीत. दलालाने किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, घ्या आत. मी म्हटलं, इंजिन गार आहे, ढकलूनच घेऊ. तो म्हणाला, इंजिन गरम आहे. तरी ढकललीच. नव्या वस्तूवर एकदम जोर देऊ नये.

दुपारी आत बसून पाहिलं. सीट फार खाली. बसणं सोपं, उठणं अवघड. शेवटी हिने दोन्ही हात धरून बाहेर ओढलं. खानदानी गाड्या अशाच असतात.

संकल्प: रोज पहाटे उठून रिकाम्या रस्त्यावर प्रॅक्टिस.

१० ऑक्टोबर, सोमवार
आभाळ भरून आल्यासारखं वाटलं. नंतर ऊन पडलं, पण तोपर्यंत रस्त्यावर वर्दळ. प्रॅक्टिस उद्या.

११ ऑक्टोबर, मंगळवार
प्रॅक्टिस झाली. इंजिन बंद ठेवून. सगळे गिअर झकास पडतात.

१३ ऑक्टोबर, गुरुवार
पेशंटना गाडीचे फोटो दाखवतो आहे. अजून एकानेही नाक मुरडलेलं नाही. तोंडात कापूस असतो हे मान्य, पण डोळ्यांत दिसतं. नर्सबाई म्हणाल्या, डॉक्टर, भूल उतरत चालली आहे, फोटो नंतर दाखवा. यांना रसिकता नाही.

१६ ऑक्टोबर, रविवार
इंजिन सुरू केलं! काय तो आवाज! स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरून बसलो, अर्थात आनंदाने.

लगेच बंद केलं. कारण बसल्या बसल्या एक मोठी गोष्ट लक्षात आली. या गाडीची सगळी किंमत ती न चालण्यात आहे! किलोमीटरचा आकडा जरा पुढे सरकला की संपलं. राणीसाहेबांनी जन्मभर जे जपलं ते उधळणारा मी कोण?

हिला नीट समजावून सांगितलं. हिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे दोन तारखेचं रद्द का? मी म्हटलं, छे, रद्द कसं होईल! ही म्हणाली, बरं. हिचं हे ‘बरं’ मला कधीच बरं वाटलेलं नाही. दिवसभर हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून पार्किंगमध्ये. मला एका जागी बसवेना.

१९ ऑक्टोबर, बुधवार
सुचलं! राणीसाहेब अजून हयात आहेत आणि याच शहरात राहतात. दोन तारखेला त्यांनाच बोलवायचं. गाडी का जपायची ते त्या स्वतःच्या तोंडाने सांगतील. माझं नाही तर नाही, राजघराण्याचं तरी ही ऐकेल. वर हार-तुरे, फोटो. तळं आपोआप मागे पडेल.

दलालाकडून नंबर घेऊन फोन केला. राणीसाहेबांनी एवढंच विचारलं, की हाताची खुर्ची आहे ना? येणार!

२५ ऑक्टोबर, मंगळवार
राणीला भेटताना किती वाकायचं, हे नर्सबाईंना विचारलं. म्हणाल्या, कंबरेला झेपेल तेवढं.

३० ऑक्टोबर, रविवार
मेकॅनिकने गाडी तपासली. एकदम फर्स्ट क्लास आहे, फक्त चालवा म्हणाला, बसून बसून आखडते. माणसाचंही तसंच असतं, हे त्याने वर जोडलं. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

उद्या पहाटे मात्र नक्की.

३१ ऑक्टोबर, सोमवार
पहाटे डोळा लागला.

१ नोव्हेंबर, मंगळवार
हिने केस उडू नयेत म्हणून नवा स्कार्फ आणला आहे. आरशासमोर बांधत होती, सोडत होती, परत बांधत होती. मी दारातून पाहिलं आणि पावलं न वाजवता मागे फिरलो. जेवण गेलं नाही.

२ नोव्हेंबर, बुधवार, दुपारी
राणीसाहेब रिक्षातून आल्या. एवढ्याशा बाई, हातात काठी. मी वाकून पुष्पगुच्छ दिला. पुन्हा सरळ व्हायला जरा वेळ लागला. मग सगळ्या सोसायटीसमोर विनंती केली, की आपण ही गाडी जन्मभर का जपलीत ते आमच्या हिला सांगा.

त्यांनी काठीचं टोक टायरला लावून पाहिलं. मग म्हणाल्या, जपली कुठली हो! मला भीती वाटायची. गेटबाहेर पडलं की हात गार पडायचे. यजमानांनी हौसेनं आणलेली, भीती वाटते असं सांगायची लाज. म्हणून सगळ्यांना सांगत सुटले, गाडी जपायला हवी.

ही राणीसाहेबांकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती.

राणीसाहेबांनी विचारलं, आज कोण चालवणार आहे? एकदा तरी हिच्यात न घाबरता बसायचंय.

किल्ली माझ्या हातात होती. हात गार पडले होते. हवाही गार होती. हिने किल्ली काढून घेतली, स्वतःचा स्कार्फ सोडला, राणीसाहेबांच्या डोक्याला बांधला आणि एका दमात गाडी गेटबाहेर काढली. सीट दोनच. मी मागे उभा. राणीसाहेबांनी पुष्पगुच्छ माझ्याकडे धरायला दिला होता.

संध्याकाळी
परत आल्या. हिच्या केसांच्या पार झिपऱ्या झालेल्या, पण ही खुशीत. गिअर मऊ आहेत, ब्रेक जरा डावीकडे ओढतो म्हणाली. राणीसाहेब सारख्या लहान मुलीसारख्या ओरडत होत्या म्हणे: बगळे बघा, मेंढ्या बघा, ती लाल होडी बघा. मी विचारलं, कशी होती होडी? ही म्हणाली, मी रस्ता बघत होते.

फार वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.

६ नोव्हेंबर, रविवार
टॅक्सी केली. मागच्या सीटवर खिडकीशी ही, शेजारी मी. हिने काच खाली केली, काचेच्या कडेवर हात ठेवला, हातावर हनुवटी. जुन्या पुलापर्यंत नुसती बाजूला बघत होती. मग डोळे मिटले आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. एवढ्या वर्षांत गाडीत झोपायला मिळालं नव्हतं बिचारीला.

तळं आलं. बगळे होते, होडीही होती. उठवू की नको, काही ठरेना. टॅक्सीवाल्याला म्हटलं, जरा हळू घे.

त्याने आरशातून विचारलं, काका, तुमच्या पार्किंगमधली ती टपाची गाडी तुमचीच ना? मग टॅक्सी कशाला? चालवता येत नाही का?

जपायला हवी, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण म्हणालो, नाही रे, भीती वाटते.

खांद्यावरचं डोकं जरासं हललं आणि पुन्हा नीट टेकलं. ही झोपेतच होती, असं मी धरून चालतो.