पोटात रुई भरलेली निळी गिटार

मी, कमला बापूराव ताकसांडे, वय वर्षे बहात्तर, राहणार पुलगाव, ता. देवळी, जि. वर्धा, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाने नव्हे, तर मुलाच्या नाकावर टिच्चून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी डोळ्यातला मोतीबिंदू काढला, डोक्यातली अक्कल नाही.

१. माझे राहते घर व बँकेतली शिल्लक मुलगा नागसेन यास द्यावी. पोटचा आहे, नाही कसे म्हणू? पण गिटारीला त्याने हात लावायचा नाही.

२. गिटारीची हालत येणेप्रमाणे. रेल्वेतले एक गार्डसाहेब विलायतेला कायमचे निघाले, तेव्हा माझे पती कालकथित बापूराव यांनी ती त्यांच्याकडून घेतली. विजेवर वाजणारी, मधोमध लाकडी ठोकळा, दोन्ही बगला पोकळ, वर दोन वळणदार खाचा. मूळ रंग लाल. १४ एप्रिलच्या जयंतीसाठी बापूरावांनी त्यावर निळा ऑइलपेंट मारला. ब्रशचा एक केस अजून त्यात चिकटलेला आहे, तो काढू नये. मिरवणुकीच्या ट्रॉलीतून पडून मान तुटली होती, ती सुताराने सांधली. आवाजाचे बटण आमच्या जुन्या रेडिओचे आहे.

नागसेन म्हणतो, "आई, हे सारं काढून ओरिजिनल केली ना, तर मुंबईचा शौकीन माणूस लगेच घेते."

अरे, ओरिजिनल तर मीही राह्यली नाई. मलेही खरवडशीन का?

३. गिटारीच्या पोटातली रुई हा कचरा नाही. पोकळ गिटार भोंग्यासमोर धरली की स्वतःचाच आवाज पोटात घेते आणि बोंब मारते. मी पहिल्यांदा जयंतीला वाजवली, तेव्हा अशीच बोंब मारली. जयंती समितीचे महादेवराव माइकवरून बोलले, "बाईच्या हाती बाजा देल्यावर असंच होते." सारे हसले. बापूराव कापड गिरणीत कामाला होते. त्यांनी रुई मागून आणली, मी ती चमच्याच्या दांड्याने खाचांतून ठासून भरली, आणि पुढच्या जयंतीला त्याच स्टेजवर, महादेवरावांच्याच समोर वाजवली. पुढे एकही जयंती सोडली नाही.

४. यंदाच्या जयंतीला माझ्या डोळ्याला पट्टी होती, म्हणून सून सरिता वाजवणार होती. तिला मीच शिकवले. आदल्या दिवशी त्या मुंबईवाल्याला फोटो पाठवायचे म्हणून नागसेनने गिटार साफ केली. उंदराने घर केले असे समजून चिमट्याने सगळी रुई उपसली. इंजिनियर आहे!

सरिताने पहिली तार छेडली आणि अशी बोंब उठली की पोरे कानांवर हात ठेवून हसत सुटली. महादेवराव आता अध्यक्ष आहेत, लोडाला टेकून बसले होते. म्हणाले, "मी तवाच सांगतलं होतं."

सरिताने त्यांच्या पाठीमागचा लोड ओढला, शिवण टराटरा उसवली आणि भर स्टेजवर मांडी घालून त्यातली रुई गिटारीत कोंबली. मग काय वाजवली पोरीने! माझ्या एका डोळ्याने पाहिले, पण दोन्ही डोळे भरून आले. म्हणून गिटार सरिताची. तिच्या नवऱ्याचा गिटारीवर काडीचाही हक्क नाही. ती विकायची नाही, खरवडायची नाही, भिंतीला टांगायची नाही. वाजवायची.

५. त्या लोडाची खोळ मी धुऊन शिवून ठेवली आहे. ती महादेवरावांना परत द्यावी. रिकामी.

६. मला न्यायच्या दिवशी, बुद्धवंदना झाली की सरिताने गिटारीतली सगळी रुई काढावी. भोंगेवाल्या प्रेमदासने दारात भोंगा लावावा. गिटार बोंबलेल तेवढी बोंबलू द्यावी. लोकांनी हसू नये म्हणून जन्मभर तिला तोंड दाबून वाजावे लागले. महादेवराव असले तर त्यांना पुढे बसवावे. कोणी बंद करा म्हटले तर, सरिता, ऐकजो नको.

मग माझी उशी फाडावी. त्यातली रुई गिटारीत भरावी, आणि जयंतीला वाजवावी.

वरील मजकूर वाचून, ऐकून, पुन्हा एकदा वाचून सही केली.

कमला बापूराव ताकसांडे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली:
१. प्रेमदास थूल, माइक-भोंगेवाले, पुलगाव
२. आनंदाबाई मून, शेजारीण, पुलगाव

स्थळ: पुलगाव
दिनांक: २ जून २०२५