हिऱ्याची दुसरी सुई

अंबरनाथ (पूर्व)
रविवार, १२ नोव्हेंबर १९९५

प्रिय काशी,
सप्रेम जय भीम.

आम्ही खुशाल आहोत. आईचा गुडघा बरा आहे, फक्त ती मान्य करत नाही. नाशिकहून तुझं पत्र बुधवारी आलं. आईनं दोनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा वाचायला लागलो तर म्हणाली, "शेवटचं नको, ते ऐकवत नाही."

आधी आनंदाची बातमी. कारखान्याच्या सोनिवलीच्या पागेत चंद्री व्याली. शिंगरू तासाभरात उभं राहिलं. पाय म्हणजे नुसत्या काठ्या. सोमा म्हणाला, "भीमराव, याचं नाव काशी ठेवू."

"अरे, नर आहे तो!"

"मग काय झालं? तिच्याइतका हट्टी निघाला तरी पुरे."

सगळी पागा हसली. डॉक्टरसाहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले, "दुसरी सुई दिली असती तर घोडी गाभडली असती. हे पिल्लू काशीबाईंचं आहे." बावीस माणसांसमोर म्हणाले. काशी, माझा ऊर भरून आला आणि त्याच क्षणी मान खाली गेली. का, तेच लिहायला बसलोय.

घोड्यांच्या फ्लूची ती लस पहिल्यांदा टोचली, तेव्हा हिऱ्या-चंद्रीसकट सगळ्या घोड्यांना ताप चढला, माना सुजल्या. रक्त तपासलं तर प्रतिकारशक्तीचे आकडे उंच. आम्ही पागेत पेढे वाटले. आईनं दंडावरचा वण दाखवला होता, आठवतं? "मला देवी टोचल्या तेव्हा तीन दिवस फणफणले होते. ताप आला म्हणजे लस उठली." तेच मी गेटसभेत गर्जून सांगितलं. टाळ्या पडल्या. लस यशस्वी झाली की बावीस बदली कामगार कायम होणार होते.

तुला एकटीला ते पटलं नव्हतं. मग चंद्रीचं रक्त घेऊन तू दोन नळ्या लावल्यास. एकीत विषाणूचं प्रथिन. दुसरीत, ज्या जिवाणूंकडून आपण ते प्रथिन बनवून घेतो त्यांचाच अर्क, पण विषाणूचा अंश न घातलेला. दोन्ही नळ्यांतल्या पेशी सारख्याच खवळल्या. तू कावीळ होऊन पडलीस, तरी उशाशी वही घेऊन मला समजावत होतीस. "दादा, घोडे लसीला उत्तर देत नाहीयेत. तिच्यात राहिलेल्या जिवाणूंच्या घाणीला देतायत. दुसरी सुई थांबव."

आणि मी काय म्हणालो? "बाटल्या धुणाऱ्यांनी बाटल्या धुवाव्यात."

ज्ञान कुणाच्या बापाची जहागीर नाही, असं वीस वर्षं चौकाचौकांत ओरडणारा मी! उल्हासनगरचं सकाळचं कॉलेज करून, दुपारी बाटल्या धुऊन बी.एस्सी. झालेल्या बहिणीला मी हे म्हणालो. तू चिठ्ठी लिहिलीस आणि म्हणालीस, "एवढी साहेबांना दे."

आता तुझ्या पत्रातली ती ओळ. 'दोन दिवस आधी लिहिलं असतं, तर साहेब पुण्याला जायच्या आधी चिठ्ठी पोचली असती आणि हिऱ्या लंगडा झाला नसता.' त्याच अपराधापायी तू नोकरी सोडलीस, हे मला आत्ता कळलं.

काशी, साहेब पुण्याला गेलेच नव्हते. ते मी तुला खोटं सांगितलं होतं.

शुक्रवारी तू चिठ्ठी दिलीस. ती माझ्या खिशात राहिली. शनिवारी साहेब माझ्यासमोरून दोनदा गेले. सोमवारी हिऱ्याला दुसरी सुई टोचताना त्याचा लगाम मीच धरला होता, आणि चिठ्ठी वरच्या खिशात होती. मंगळवारी त्याचे खूर तापले, त्याला पाऊल टाकवेना. तेव्हा कुठे मी धावत जाऊन चिठ्ठी दिली. साहेबांनी उभ्याउभ्या वाचली आणि बुधवारची चंद्रीची सुई थांबवली. मला एवढंच विचारलं, "ही कधीची?" मी म्हणालो, "आजची."

तुझ्यामुळे लस पुन्हा स्वच्छ करून बनवली. आता ताप येत नाही. आकडा लहान आला, पण साहेब म्हणतात खरा आला. माणसंही गेल्या महिन्यात कायम झाली. म्हणजे ज्या भीतीनं मी चिठ्ठी दाबली, ती भीतीही खोटीच होती. बावीस घरांत तुझं नाव घेतात. हिऱ्या लंगडतो, पण खातो-पितो. रोज दुपारी मीच त्याचे खूर पाण्यात धरतो.

साहेबांनी प्रयोगशाळेतली जागा तुझ्यासाठी धरून ठेवली आहे. यायचं की नाही ते तू ठरव. पण हिऱ्याचं ओझं घेऊन ठरवू नकोस. ते तुझं कधीच नव्हतं.

मंगळवारी गेटसभा आहे. तिथे मी हे सगळं सांगणार. पण ते आधी तुला कळायला हवं होतं, आणि सभेत बोलण्यापेक्षा तुला लिहिणं मला जड गेलं. आईला आज सकाळी सांगितलं. ती म्हणाली, "पोरीला लिही. आणि या वेळी स्वतः जाऊन पेटीत टाक."

तुझा ऋणी,
चार दिवस तुझी चिठ्ठी खिशात ठेवणारा
दादा