‘भरतीवेळ’ आणि कम्युनिटी

४ जानेवारी, रविवार
ओपन सोर्सचा इतिहास कधीतरी नीट लिहिला जाईल. त्यात आमच्या करंजाडे गावाचं पान येणारच, तेव्हा नोंदी हव्यात. माझं ‘भरतीवेळ’ ॲप: उरणच्या मच्छीमारांसाठी भरती-ओहोटीच्या वेळा. फुकट, कोड सर्वांना खुला. सहा वर्षं एकटा सांभाळतोय. संकल्प: यंदा कम्युनिटी उभी करायची. कुणीही या, कोड सुधारा. मनिषा म्हणाली, आधी गीझर सुधारा. बायकोला चळवळ कळत नाही.

११ जानेवारी
सोसायटीच्या हॉलमध्ये मीटअप. स्टिकर छापले दोनशे. उपस्थिती एक. तळमजल्यावरचे काका. त्यांना टँकरची मीटिंग वाटली होती. तरी चळवळीचा इतिहास शेवटपर्यंत ऐकला. दार मी लावून घेतलं होतं.

१९ जानेवारी, सकाळी ७
उरणहून काशिराम कोळ्याचा फोन. तुमचं ॲप कालची भरती दाखवतंय, तासभर आमी चिखलात रुतून हाय, पाणी नाय, म्हणाला. शांतपणे सांगितलं, फोनवर नको, साइटवर रीतसर तक्रार नोंदवा. इंग्रजीत. त्यावर तो जे बोलला ते इथे लिहिता येत नाही.

२० जानेवारी
चूक सापडत नाही. कोडची नसावी. समुद्राची असू शकते.

२२ जानेवारी
ऐतिहासिक दिवस! पनवेलच्या आलियाने दुरुस्ती पाठवली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काशिराम बोटीचं इंजिन तिच्या अब्बांच्या गॅरेजमध्ये आणतो, तिथे तिने ऐकलं. फक्त तीन ओळी, आणि चूक गेली. सहा वर्षांतला पहिला बाहेरचा हात. आनंदाने वेडा व्हायची पाळी. पण लगेच कशी घेणार? तिने ओळी टॅब मारून सरकवल्यात. आपल्याकडे चार स्पेस. कोड दोन्हीने चालतो, पण नियम तो नियम. परत पाठवली.

२५ जानेवारी
चार स्पेस करून आल्या. आता कॉमेंटमध्ये, म्हणजे कोडशेजारच्या टिपांमध्ये, पूर्णविराम नाहीत. परत.

२ फेब्रुवारी
आलियाने विचारलं, सर, कधी घेणार? काशिरामकाका अब्बांचं डोकं खातात. पोरं उतावीळ असतात. नव्यांसाठी शिस्तीचं पत्रक लिहायला घेतलंय.

१४ फेब्रुवारी
पत्रक पूर्ण. सतरा पानं. संध्याकाळी मनिषाला मोठ्याने वाचून दाखवलं. ती नवी साडी नेसून बसली होती, का ते विचारायचं राहिलं.

१६ फेब्रुवारी
फोर्क! म्हणजे माझा अख्खा कोड उचलून आलियाने वेगळी चूल मांडली. अडवायला लायसन्स उघडलं. कुणीही घ्यावं, बदलावं, वाटावं. खाली नाव माझंच. पूर्ण वाचलं ते आज पहिल्यांदा. काहीही करता येत नाही.

२० फेब्रुवारी
हरकत नाही. युजर निष्ठावान असतात. काशिरामला फोन केला. पोरीचं बेस चालतंय, तुमी बी टाकून घ्या, म्हणाला. आवाजात प्रेम होतं. तेच लागलं.

१ मार्च, रविवार
आलियाचं ॲप टाकलं. चुका काढण्यापुरतंच. एक सापडली! उरणच्या मोरा धक्क्याची वेळ दहा मिनिटं पुढे. जगासमोर तिचं नाक कापायचं म्हणून दुरुस्ती करून जाहीरपणे पाठवली. तिने चार मिनिटांत घेतली. ना टॅब पाहिले, ना स्पेस. पाठोपाठ आपोआप जाणारा निरोप आला: ‘अभिनंदन! या प्रकल्पातलं हे तुमचं पहिलं योगदान. नवशिक्यांचं इथे मनापासून स्वागत. काही अडलं तर लाजू नका.’

दोनदा वाचलं. सहा वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. स्क्रीनशॉट काढून ठेवला.